खडूची रेघ आणि कमरेचा पट्टा

माझ्या उपचारखोलीत दोन वस्तू होत्या. एक, टेबलावरची खडूंची डबी. दुसरी, दाराच्या पाठीमागे ठोकलेली चार खुंट्यांची फळी. डबी पाहून "मॅडम, इथं शिकवण्या पण घेता का?" असे अनेकांनी विचारले आहे. खुंट्यांविषयी कोणी काही विचारले नाही आणि मीही कधी विचार केला नाही. त्यांच्याकडे मी आधीच नीट पाहिले असते, तर हा लेख लिहिण्याची वेळ आली नसती.

मी फिजिओथेरपिस्ट. उस्मानपुऱ्यात एका औषधाच्या दुकानावर माझी दोन खोल्यांची जागा होती. गेल्या वर्षी ती मी बंद केली. आमच्या व्यवसायाविषयी लोकांचा समज असा, की आम्ही यंत्राने शेक देतो आणि कागदावर छापलेले व्यायाम हातात ठेवतो. ते आम्ही करतोच. परंतु त्याआधीचे काम अधिक महत्त्वाचे असते, आणि ते म्हणजे दुखणे नेमके कुठून येते आहे हे शोधणे. पायाच्या बाबतीत हे काम विशेष अवघड असते, कारण पाय दुखतो तेव्हा दोष पायातच असेल असे नाही.

हे मी रुग्णांना दारावरच्या घंटीचे उदाहरण देऊन सांगत असे. बटण फाटकाशी असते, घंटी स्वयंपाकघरात वाजते. आवाज स्वयंपाकघरातून येतो म्हणून कोणी तिथली भिंत फोडत नाही. आधी फाटकाशी कोण उभे आहे ते पाहतो. मज्जातंतूचेही तसेच. ज्याला आपण सरसकट 'नस' म्हणतो, ती कमरेत दाबली जाते आणि कळ पोटरीत उठते. मात्र प्रत्येक तारेचा मार्ग ठरलेला असतो. म्हणून कळ कोणत्या मार्गाने जाते हे अचूक कळले, तर बटण कुठे दाबले जात आहे याचा अंदाज बांधता येतो.

त्यासाठी खडू. माझे वडील सोयगाव तालुक्यात प्राथमिक शिक्षक होते. मुलाला काय येत नाही हे कळायला त्याला फळ्याशी बोलवावे आणि खडू त्याच्या हातात द्यावा, आपण बोलू नये, असे ते म्हणत. मी तीच पद्धत उचलली. रुग्णाला उभे करायचे, हातात खडू द्यायचा आणि सांगायचे, "दुखणं जिथून जिथपर्यंत जातं, तिथपर्यंत रेघ ओढा." पुरुष उघड्या पायावर ओढत, स्त्रिया पडद्याआड साडीवरून किंवा सलवारीवरून. रेघ ढुंगणातून मांडीच्या मागून पोटरीवर आणि तिथून करंगळीकडे गेली, की एक तार. नडगीच्या बाहेरून अंगठ्याकडे वळली, की दुसरी. मांडीच्या पुढून गुडघ्यावर आली, की तिसरी. या तिन्हींचे उगम कमरेच्या मणक्यांत शेजारी शेजारी आहेत, आणि दोन मणक्यांमधली गादी सरकली की बहुधा यांपैकीच एखादी दुखावते.

पण 'बहुधा' हा शब्द फसवा आहे.

शहागंजात पानाची टपरी असलेले हमीदभाई आले, तेव्हा त्यांनी खडू घेतला आणि रेघ न ओढता दोन्ही पावलांभोवती घोट्यापर्यंत पांढरे फासून टाकले. म्हणाले, "मॅडम, मोजे पेने जैसा लगता. मोजे तो मैं पेनताच नई."

"जळजळ होते का?"

"मिर्ची कूट के पावां को लगाए सरीका. इस्पेशल रात को."

"साखर तपासली का कधी?"

"चाय बिना शक्कर की पीता मैं," ते म्हणाले, आणि शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या बेगम शांतपणे म्हणाल्या, "और मिठा पान बिना हिसाब खाते."

दोन्ही पायांना सारखे, पावलापासून वर चढत जाणारे, मोज्याच्या आकाराचे दुखणे असेल, तर कमरेकडे पाहण्याआधी रक्ताकडे पाहावे. वाढलेली साखर लांबच्या तारांना आधी कुरतडते. जीवनसत्त्वाची उणीव, दीर्घकाळचे मद्यपान, काही औषधे हीही कारणे असतात. त्वचेवर बधिर चट्टा असेल, तर कुष्ठरोगाचाही विचार करावा लागतो; तो पूर्ण बरा होतो, फक्त वेळेवर ओळखावा लागतो. हमीदभाईंना मी त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवले. पुढे भेटले तेव्हा त्यांनी मला पान देऊ केले आणि स्वतः खाल्ले नाही, यावरून उपचार चालू आहेत असे मी मानले.

फरशी बसवणारा एक कारागीर आला, त्याची चप्पल चालताना पायातून सुटत असे. दिवसभर उकिडवे बसून त्याच्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची नस दबली होती; कंबर ठणठणीत होती. एक निवृत्त कारकून उस्मानपुऱ्यातून निघाले की चौकापर्यंत पोचण्याआधी दोनदा कट्ट्यावर बसत, परंतु सायकल ढकलत नेली तर न बसता जात. त्यांच्या मणक्याचा मधला मार्गच अरुंद झाला होता, वाकले की तो थोडा मोकळा होई. आणि एक शिक्षिका होत्या, त्यांच्या मांडीत तीन दिवस आग होत होती. मी शेक दिला. चौथ्या दिवशी मांडीवर पाणीदार पुरळ उठले. ती नागीण होती, पुरळाआधी वेदना येते ती. बाईंनी मला ऐकवले, "आमच्या वर्गात उत्तर यायच्या आधी वही गोळा करत नाहीत हो." हा टोमणा मला पटला, पण दुर्दैवाने तो मी पुरेसा लक्षात ठेवला नाही.

आता कौसाबाईंविषयी.

कौसाबाई गंगापूरकडच्या एका गावच्या. घराणे मेंढपाळांचे. थोरला मुलगा सोपान वाळूजच्या एका कंपनीत कामाला. घरची साठेक मेंढरे मात्र अजून कौसाबाईच सांभाळत. वय पन्नाशीच्या आसपास, अंग काटक, बोलणे मोजके. पोळ्याच्या सुमारास त्या पहिल्यांदा आल्या. अडकलेले मेंढरू पाण्याच्या चारीतून वर ओढताना कमरेत उसण भरली होती. पायात काही नव्हते. मी व्यायाम शिकवले आणि कमरेला बांधायचा रुंद पट्टा दिला. पट्टा देताना काय सांगितले तेही मला आठवते. म्हणाले, "काम करताना बांधायचा. आणि घट्ट बांधायचा. ढिला पट्टा म्हणजे नुसतं ओझं."

"घट्ट म्हंजे किती?" त्यांनी विचारले.

"चांगला आवळून."

त्यांनी मान डोलावली. मी त्यांना थोड्या दिवसांनी पुन्हा बोलावले होते. त्या आल्या नाहीत. बरे वाटले असेल असे मी धरून चालले.

कापूस वेचणी ऐन भरात असताना त्या सोपानबरोबर पुन्हा आल्या. आता डाव्या मांडीत आग होत होती. सोपानच्या हातात एमआरआयचे पाकीट होते. ओळखीच्या कोणाच्या तरी सांगण्यावरून त्याने ते काढून आणले होते. कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली गादी डावीकडे सरकल्याचे त्यात लिहिले होते.

येथे वाचकांना एक गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. चाळिशीनंतर अनेकांच्या गाद्या थोड्याफार सरकलेल्या असतात आणि त्यांना कसलाही त्रास नसतो. केस पांढरे व्हावेत तसेच ते असते. चित्रात दिसलेली गादी आणि पायातली कळ यांचा संबंध आहे की नाही, हे चित्र सांगत नाही. ते रुग्णाची रेघ सांगते. हे वाक्य मी आयुष्यभर इतरांना शिकवले.

त्या दिवशी बाकावर सहा माणसे खोळंबली होती. मी कौसाबाईंच्या हातात खडू दिला. त्यांनी तो चिमटीत धरला, उलटसुलट करून पाहिला आणि माझ्याकडे परत केला.

"मला नाय येत मॅडम. मी शाळंत गेले नाय."

"सोपं आहे हो. रेघ ओढायची फक्त."

"तुम्हीच वढा."

आणि मी खडू हातात घेतला. अहवाल माझ्या डोळ्यांसमोर होता. त्या अहवालाप्रमाणे कळ जिथून जायला हवी तिथून मी रेघ ओढत गेले. कमरेतून, मांडीच्या बाहेरून, नडगीवरून, अंगठ्यापर्यंत. प्रत्येक टप्प्यावर मी विचारले, "इथून जातं ना? मग इथून?" आणि प्रत्येक टप्प्यावर त्या म्हणाल्या, "व्हय." पाय उचलून पाहिला तेव्हा त्यांनी तोंड वाकडे केले, तेही मी माझ्या बाजूने धरले. सर्जनला चिठ्ठी लिहिली : वेदना कमरेपासून डाव्या पायाच्या अंगठ्यापर्यंत. सर्जनशी माझा जुना परिचय. माझ्या चिठ्ठीवर त्यांचा विश्वास होता. आणखी थोडे दिवस औषधांवर गेले, आग कमी होईना, आणि शस्त्रक्रियेची तारीख ठरली.

शस्त्रक्रियेच्या तीन दिवस आधी, सोमवारी, त्या माझ्याकडे आल्या. शस्त्रक्रियेनंतर पलंगावरून कसे उठावे, कूस कशी बदलावी, हे आधीच शिकवलेले बरे असते. नेहमीप्रमाणे मी म्हटले, "पट्टा काढून खुंटीला अडकवा आणि आडव्या व्हा." तपासणीआधी पट्टा काढायचा, हा माझ्या खोलीचा नियम. खुंट्या त्यासाठीच होत्या.

"आता डाव्या कुशीवर वळा."

"त्या कुशीवर नाय व्हत," कौसाबाई म्हणाल्या. "हितं लुगडं लागलं तरी आग हुती. मेंढराची लोकर घासल्यावानी."

त्यांचा हात मांडीच्या बाहेरच्या अंगाला होता आणि तिथेच होता. खाली सरकत नव्हता.

मी थांबले. कपडा लागून होणारी आग ही कातडीला संवेदना देणाऱ्या तारेची तक्रार असते. "कौसाबाई," मी म्हटले, "मेंढरांना तुम्ही रंग लावता ना, खुणेला?"

"लावतो की. बाजाराला जायचं त्याच्या पाठीवर फुली मारायची. ती मारली का मेंढरू कळपातून गेलं. आपलं ठिवायचं त्याला कानापाशी ठिपका."

"मग हा खडू म्हणजे रंग समजा. जिथं आग होते तिथं मेंढराला लावल्यासारखा लावा. रेघ नको."

या वेळी त्यांनी खडू चिमटीत धरला नाही, मुठीत धरला. मांडीच्या बाहेरच्या अंगाला, कमरेच्या हाडाखाली वीतभर अंतरावर सुरुवात करून त्यांनी भराभर पांढरा रंग भरला आणि गुडघ्याच्या वर हात थांबवला. लुगड्यावर भाकरीएवढी लांबट खूण उमटली.

"आणि खाली?"

"खाली काय नाय."

"मागच्या वेळी अंगठ्यापर्यंत जातं म्हणालात."

"तुम्हीच रेघ वढली मॅडम. म्हनलं तुम्हाला आतलं दिसत आसंल. त्या डाक्टरनी इचारलं तव्हा बी सांगितलं, व्हय, मॅडमनी लिवलंय तसंच."

मी पायाची बोटे वर उचलायला लावली, टाचांवर आणि चवड्यांवर चालायला लावले, गुडघ्यावर हातोडी हलकेच ठोकून पाहिली. ताकद पूर्ण होती. मग त्यांना उठवून बसवले, आणि सोपानने सवयीने खुंटीवरचा पट्टा काढून आईच्या हातात दिला. मी आजवर त्यांना पट्टा बांधताना पाहिले नव्हते. त्यांनी श्वास आत घेतला, परकराच्या नाडीच्या गाठीवरून पट्टा ओढला आणि दोन्ही हातांनी असा आवळला की खालची कड कमरेच्या पुढच्या टोकदार हाडावर रुतून बसली.

त्याच हाडाच्या आतल्या अंगाने एक बारीक तार मांडीच्या कातडीकडे जाते. मी तिथे अंगठा दाबला. कौसाबाईंनी दात आवळले.

"तीच आग?"

"तीच."

"हा पट्टा दिवसाचे किती तास घालता?"

"तुम्ही सांगितलं तसंच. काम करताना."

"म्हणजे किती वाजेपर्यंत?"

त्यांनी माझ्याकडे जरा नवलाने पाहिले. "आमचं काम कव्हा सुटतं मॅडम? दिसा वेचणी, मेंढरं. रातच्याला मेंढरांच्या वाड्यावर राखण. ती बी कामच की."

म्हणजे पोळ्यापासून तो पट्टा जवळजवळ अखंड त्यांच्या कमरेला होता. फक्त माझ्या खोलीत तो उतरत असे. मी ज्या दुखण्याचे कारण शोधत होते, ते प्रत्येक तपासणीच्या वेळी माझ्याच सांगण्यावरून माझ्याच दारामागे टांगलेले होते. आणि ते मीच दिले होते.

हे मी त्या दोघांना सांगितले. सांगताना गोलमोल बोलले नाही. सोपान बराच वेळ एमआरआयच्या पाकिटाशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, "तुमच्याच चिठ्ठीवर तारीख घेतली ना मॅडम?"

"हो."

"आता दुसरी चिठ्ठी देणार. ती तरी बरोबर कशावरून?"

वर्गातल्या सर्वांत शहाण्या मुलाने विचारावा असा तो प्रश्न होता. मी म्हटले, "ती बरोबर आहे असं मी आज म्हणणार नाही. म्हणून तीन आठवडे मागते. पट्टा बंद, नाडी सैल. आग कमी झाली नाही तर शस्त्रक्रियेचा विचार पुन्हा करता येईल. मणक्याला हात लावल्यावर मात्र मागं जाता येत नाही."

"आणि तेवढ्यात काय झालं तर?"

"पावलातली ताकद गेली, दोन्ही मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर माझी वाट पाहायची नाही. त्याच तासाला मोठ्या दवाखान्यात जायचं." ही तीन लक्षणे मी प्रत्येकाला सांगत असे, वाचकांनीही ध्यानात ठेवावीत.

कौसाबाई पट्टा सोडून त्याची घडी घालत होत्या. मला वाटले, त्या रागावल्या असतील. त्या म्हणाल्या, "सोपान, तुझा काका बुधवारी येनार हाय मेंढरं न्यायला. एकदा त्याच्या कळपात मिसळली का आपला ठिपका पुसून त्याचा लागंल. आन आपरेशन झाल्याव म्या वाकाय-उचलायची नाय, म्हंजे घरात बसायचं." मग त्या म्हणाल्या, "मेंढरू लंगडाय लागलं तर तू आधी खुरात काटा बघतूस का थेट पाय कापाय नेतूस?"

"तसं नाय आय, पर..."

"पर काय? काटा घावलाय. फोन लाव काकाला. म्हनावं येऊ नगं."

सर्जनला फोन मी लावला. सगळे ऐकून घेतल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला, "पट्टा कोणी दिला होता?"

"मी."

मग ते म्हणाले, "उद्या पाठवा, मी स्वतः पाहतो." दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा तपासले आणि तारीख पुढे ढकलली. माझ्याकडून चूक झाली तेव्हा त्यांनी मला बोल लावला नाही, हे मी त्यांच्या मोठेपणात जमा करते. त्यामुळे माझे ओझे हलके झाले असे मात्र नाही. आणखी तीन दिवस गेले असते, तर विनाकारण एका बाईची पाठ उघडली गेली असती, आणि मांडीतली आग शस्त्रक्रियेनंतरही तशीच राहिली असती. कारण शस्त्रक्रियेनंतर बांधायला म्हणून तोच पट्टा पुन्हा आवळला गेला असता.

ते तीन आठवडे मला फार जड गेले. बाकावर गंगापूरकडचे कोणी दिसले की मी आधी त्यांच्या चेहऱ्याकडे पाही.

कौसाबाई एकट्याच आल्या, एसटीने. मी काही विचारण्याआधी त्यांनी डबीतून खडू उचलला, मुठीत धरला आणि मांडीवर खूण केली. मागची खूण भाकरीएवढी होती; ही पुरीएवढी होती. "लुगडं लागलं तर कळतंय," त्या म्हणाल्या, "पर आग नाय." त्यानंतर महिन्याभराने त्या आल्या तेव्हा लहानशी जागा थोडी बधिर होती, एवढेच. ती बधिरता काही जणांत राहून जाते, हेही मी त्यांना सांगितले. "ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "तेवढं माझं मलाच म्हाईत."

निघताना त्यांनी पिशवीतून पट्टा काढला. घडी घातलेला, धुतलेला.

"हा तुमचा तुम्हाला."

"तुमचाच आहे तो. मोडीत टाका नाहीतर कशालाही वापरा."

त्यांनी ऐकले नाही. दाराशी जाऊन पट्टा खुंटीला अडकवला. मग परत टेबलापाशी आल्या, खडू घेतला आणि त्या काळ्या पट्ट्यावर, पाठीच्या बाजूला, एक ठसठशीत फुली मारली. खडू डबीत ठेवला, हात लुगड्याला पुसले आणि म्हणाल्या, "हे कळपातून गेलं."

पट्टा मी तिथून हलवला नाही. खडू आपोआप पुसट होई, तेव्हा मी ती फुली पुन्हा गिरवत असे. त्यानंतरही मी रुग्णांना पट्टे दिले, कारण काहींना त्यांची गरज असते. परंतु देण्याआधी तो माझ्यासमोर बांधायला लावी, खालच्या कडेखाली माझी दोन बोटे जातात का ते पाही, आणि दिवसातले किती तास, किती आठवडे, हे आकड्यांत लिहून देई. आणि ते लिहिण्याआधी दाराकडे मान वळवून विचारी, "तुमचं काम कधी सुटतं?"